सहज म्हणजे कुणाला

क्लायपेदाच्या बंदरामागे, मासळीच्या शीतगृहाला लागून
दांगुओलेचं दुकान. एक टेबल, एक भिंग
आणि केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र,
ज्याचा केसांशी काही संबंध नाही.

त्यानं ती फोनच्या पाठी शेकते.
जास्त शेकलं तर पडदा जातो,
कमी शेकलं तर गोंद हलत नाही.
मग गिटारची नखी फटीत सारून
कडेकडेनं फिरवते, श्वास रोखून,
जणू झोपलेल्याच्या बोटातली अंगठी काढायचीय.

आत बॅटरी, पोट फुगलेल्या बेडकासारखी.
बाकी सगळं ठणठणीत.
"मेला," म्हणतात माणसं, फोन टेबलावर ठेवताना.
मेला नाही हो, थकलाय.
आणि थकलेल्याला पुरायची
ही कुठली रीत?

तिच्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरला झाकण होतं.
अंगठ्यानं सरकवायचं. आत चार सेल,
दोघांची तोंडं इकडे, दोघांची तिकडे,
भांडून झोपलेल्या भावंडांसारखी.
आवाज घोगरा झाला की वडील सेल काढून
शेगडीजवळ ऊबेला ठेवत
आणि बास्केटबॉलची शेवटची पाच मिनिटं त्यांच्याकडून वसूल करत.
पुढे झाकण हरवलं. मग रबरबँड.
त्यासाठी कुणाला कायदा करावा लागला नव्हता.

आता ब्रसेल्सहून कायदा आलाय.
तिनं तो छापून घेतला, लोण्याचे डाग पडेपर्यंत वाचला.
कलमं, पोटकलमं, अपवाद, अपवादांची पिल्लं.
आपलीच भाषा, पण इस्त्री करून कडक केलेली.
एका शब्दापाशी तिचं बोट थांबलं:
वापरणाऱ्याला बॅटरी *सहज* काढता आली पाहिजे.

सहज म्हणजे कुणाला?
प्रयोगशाळेतल्या, हातमोजे घातलेल्या,
पंचविशीतल्या दहा बोटांना?

कारण तिच्या ओळखीत एन्द्रिकिस आहे.
त्याला आठच बोटं. दोन जाळं ओढायच्या चाकानं नेली,
उरलेली थंडीत वाकतात, परत सरळ व्हायला मार्च लागतो.
मुलगी बर्गनला. रविवारी फोन करते.
त्याची बॅटरी अकरा मिनिटं टिकते,
म्हणून त्यानं बोलणं बेतून घेतलंय:
आधी वारा, मग माशांचे भाव, मग शेजाऱ्याचं कुत्रं.
दुखणीखुपणी शेवटी.
त्यांची पाळी कधी येतच नाही.

झाकणवाला नवा फोन आला, तेव्हा तिनं तो
आधी त्याच्यासमोर ठेवला.
"उघड," म्हणाली,
आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

नख घसरलं. पुन्हा घसरलं.
त्यानं फोनला, कंपनीला आणि एका संताला
बोटीवरच्या भाषेत काहीतरी ऐकवलं.
दांगुओलेच्या मांडीखाली हातांना मुंग्या आल्या.
बाहेर ट्रकमध्ये बर्फ भरून झाला,
ट्रक गेलासुद्धा.
मग टक्.

चपटी, काळी, चिमुकल्या माशाएवढी बॅटरी
त्याच्या तळहातावर.
त्यानं ती परत बसवली. पुन्हा काढली.
पुन्हा बसवली.
"उघडायचे किती झाले?"
"कशाचे? तूच तर उघडलंस."
हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं
की हे वाक्य आता तिला बऱ्याचदा बोलावं लागणार,
आणि या वाक्यावर दुकानाचं भाडं निघत नाही.
तिनं खोक्याकडे पाहिलं.
गोंद लावलेले जुने फोन अजून चाळीसेक होते.
दोन वर्षं निघतील. मग बघू.
तिनं यंत्र तापत ठेवलं.

रविवारी बर्गनहून फोन आला.
वारा झाला, भाव झाले, कुत्रं झालं.
बारावं मिनिट लागलं
आणि दोघंही गप्प.
तिकडे नळ चालू असल्याचा आवाज.
इकडे खिडकीची काच, वाऱ्यानं थरथरणारी.
कुणालाच पुढचं येईना.

मग एन्द्रिकिस म्हणाला,
"गुडघा जरा दुखतो गं."